कोड्याचा तुकडा

सेलूच्या स्टेशन रोडला, वरच्या मजल्यावर
आमचं सेतू केंद्र. फॉर्म भरतो, झेरॉक्स काढतो.
ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात
कोड्याच्या तुकड्याचं बारकं चित्र आहे.
ते दाबलं की मुस्तकीम निघतो.

त्यानंच बसवलं सगळं. आधी जाहिराती अडवणारं :
निकालाच्या दिवशी ‘इथे दाबा’ म्हणणारी
नऊ खोटी बटणं गेली, एक खरं उरलं.
पोरं म्हणाली, बेस झालं बगा.
कडेला आकडा येतो, आज दोनशे सतरा अडवल्या.
जे आपल्यापर्यंत आलंच नाही
त्याचा हिशेब दुसरं कोण ठेवतं?

माझे डोळे चुरचुरायचे, म्हणून पान काळं करणारं.
प्रयागमावशीला अक्षर लागत नाही,
म्हणून वाचून दाखवणारं.
आतली बाई जरा नाकात बोलते.
मावशी तिला ‘हाव बाई, हाव बाई’ करत
पेन्शनचा अख्खा जीआर ऐकते.

आणि शब्दकोश. शब्दावर बाण नेला
की पिवळ्या चौकटीत मराठी.
मुस्तकीम हैदराबादला जाऊन दोन उन्हाळे झाले,
लॉगिन काढायचं राहिलं.
काल चुकून यादी उघडली,
त्यानं पाहिलेले शब्द, किती वेळा त्यासकट :
डोमिसाइल, एक.
अंडरटेकिंग, दोन.
रिग्रेट, अकरा.

अर्थ तर पहिल्याच वेळी कळला असेल.

यादी पुसावी म्हणून बाण नेला,
तेवढ्यात लाईट गेली, यूपीएस बोंबलू लागला,
जिन्यातून कुणीतरी विचारत होतं,
नॉन-क्रिमिलेअर होईल का आज?