मानस

सुई टोचण्याआधी मी हात वाचते.
चोडणच्या दवाखान्यात अकरा वर्षं.
कोपरावर पट्टी, मूठ घट्ट,
आणि रोजचा प्रश्न:
"बाय, ह्यो निळ्यो शिरो कित्याक?"

निळं रक्त कुणाचंच नसतं हो.
नळीत उतरतं ते सोलांच्या आगळासारखं,
निळाई म्हणजे कातडीचं नि उजेडाचं संगनमत.
शणै मास्तरांची कातडी आता कांद्याचा पापुद्रा,
फेरीबोटीवर दोर ओढणाऱ्या उल्हासच्या शिरा
कष्टानं वर आलेल्या,
पोटुशी सुलक्षाच्या छातीवर नवीच नक्षी:
भिऊ नको, दुधाची तयारी आहे.
मला तर त्या हव्याच असतात.
ठसठशीत शीर दिसली
की मी मनात तिचे आभार मानते.

इनास कुलासो आला तो पाय लपवत.
वीस वर्षं खाजणाच्या बांधावर उभा,
मानशीची दारं राखत.
पोटरीवर गांडुळांचे गुंते, घोट्याशी काळपट डाग.
"हें पोरनें," म्हणाला.
पण कालपासून डावा पाय एकटाच जाड,
गरम, चप्पल चढत नाही.

म्हटलं, इनासबाब, शिरांतही मानशी असतात.
बारीक दारं. रक्त वर सोडतात,
मागं फिरू देत नाहीत.
ती कुजली की साचतं, फुगतं;
ते जुनं दुखणं, पट्ट्यावर, उशीवर निभतं.
पण एकच पाय असा अचानक सुजला, तापला,
तर आत गाठ असेल रक्ताची.
सुटली तर थेट छातीत.
धाप लागते?

तो खिडकीबाहेर बघत राहिला.
"इल्ली. सकाळपासून."
मग, "आज पुनव. दार कोण धांपतलो?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.
रुग्णवाहिका फेरीबोटीवर चढली, बांबोळीला.
पाय चोळू नका, मी काचेतून ओरडले.
ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

रात्री त्याच्या भाच्यासोबत बांधावर गेले.
दार मिटतं आपसूक, भरतीच्या रेट्यानं,
पण आज फटीत झावळी अडकलेली,
खारं पाणी आत शेताकडे निघालेलं.
दोघांनी ओढली. दार धप्पकन बसलं.

टॉर्च माझ्या मनगटावर पडला:
एक निळी रेघ, मुकाट.
फोन अजून आला नव्हता.