टेअर

एक तारखेला मीटर सुरू होईल.
सहा महिन्यांची फी एकदम,
त्यात जेवढे विषय काढाल तेवढे तुमचे.
दोन काढा, बावीस काढा, पैसे तेवढेच.
भाड्याच्या जेसीबीसारखं आहे हे,
चालक बिडी ओढत बसला तरी तास पडतो.
म्हणून जेसीबी यायच्या आधीच
मी चुन्यानं आखून ठेवतेय.

अकरा वर्षं काट्यावर बसते मी,
जालन्यात, सळईच्या कारखान्याच्या फाटकाशी.
भंगाराची गाडी चढते: ग्रॉस.
खाली करून येते: टेअर.
वजा केलं की माल.

येतं ते दाखवा आणि पुढं व्हा,
असं लिहिलं होतं माहितीपत्रकात.
वर्गात किती दिवस बसलात, कुणी विचारणार नाही.
हे मी दोनदा वाचलं.

श्रावस्तीनं भूगोलाच्या जुन्या वहीची कोरी पानं दिली.
तीन रकाने पाडले:
येतं.
अर्धंमुर्धं येतं.
नावच पहिल्यांदा ऐकलं.

पहिल्यात साठा, पावत्या, टक्केवारी,
आणि तापलेल्या ड्रायव्हरशी बोलणं,
ज्याला पुस्तकात संघर्ष व्यवस्थापन म्हणतात.
तिसऱ्यात प्रमाण विचलन.
चार संध्याकाळी डोकं आपटलं त्यावर.
पाचव्या दिवशी रज्जाकभाईची रिकामी गाडी चढली,
कालच्यापेक्षा तीस किलो जास्त,
परवापेक्षा दहा कमी,
डिझेल, चिखल, पाण्याचा कॅन.
"एवढंच होय!" मी केबिनमधून ओरडले.
रज्जाकभाई घाबरून खाली उतरले.

परीक्षेला कॅमेरा खोली बघतो.
चारी भिंती, टेबलाखाली, कानामागं.
आमच्या घरात मोकळी भिंत एकच,
तिच्यावर पाण्याची टाकी टेकलेली.
शेवटी गजूच्या झेरॉक्समागची खोली ठरली,
रविवारी सहा ते नऊ, शटर ओढून, पंखा बंद.
इन्व्हर्टर त्याचा, चहा माझा.
नळाला पाणी आठव्या दिवशी येतं,
त्या तारखा कॅलेंडरवर आधी निळ्या केल्या
आणि पेपर मधल्या फटींत बसवले.

"एवढी घाई काहून गं, कुशावर्ता?" अक्का विचारते.
मागच्या साली स्टोअरला नवा साहेब आला, पदवीवाला.
पहिल्याच दिवशी म्हणाला, मॅडम, टेअर म्हणजे?
सांगितलं.
गुणाचा पोरगा आहे. वही काढून लिहून घेतलं त्यानं.
पगार माझ्या दुप्पट.

नीतिशास्त्र मी पहिल्या रकान्यात लिहिलं होतं.
मग खोडलं.
पावतीत घडी घातलेली पाचशेची नोट
किती वेळा खिडकीतून परत सरकवली, मोजलं नाही.
एकदा नाही सरकवली.
श्रावस्तीला डेंग्यू होता त्या आठवड्यात.
क्लीनर ग्रॉसला गाडीत बसलेला होता,
टेअरला नव्हता.
मी पाहिलं, आणि बटण दाबलं.
सरावाच्या प्रश्नात विचारलंय,
अशा प्रसंगी कर्मचाऱ्याने काय करावे?
चारातलं बरोबर उत्तर मला येतं.
पण विषय कोणत्या रकान्यात टाकू
ते अजून ठरलेलं नाही.

आज तीस तारीख. रात्रपाळी.
फाटकावर कुणी नाही.
वह्यांची पिशवी खांद्याला लावून
मीच जाऊन उभी राहिले काट्यावर.
बाहेरच्या पाटीवर लाल आकडे: साठ.
पिशवी बाजूला मातीत ठेवली.
साठच.
हा काटा दहा-दहानं मोजतो,
त्याची तरी काय चूक.

हॉर्न वाजला.
एमएच बावीस, ताडपत्रीचं एक टोक सुटलेलं.
पिशवी उचलली, उतरले,
शून्य येऊ दिलं.
मग हात केला: या.