प्रॉम्प्टर

पालखी देवळात शिरली, एक वाजून गेला,
तेव्हा कुठे तिसरी घंटा झाली.
सावईवेऱ्याचा मांड, पत्र्याचा मंडप, भाड्याच्या दोनशे खुर्च्या
आणि तिसऱ्या रांगेत, जत्रेतल्या खाज्याचा पुडा उघडून
आई.

नाटक तिच्यावरच.
दादाने लिहिलंय, त्यात दादाच दादा झालाय.
वहिनी आई झालीय: केसांना टाल्कम, पाठीला बाक.
(आईच्या पाठीला बाक नाही.)
मी विंगेत, टॉर्च घेऊन, वहीत बोट ठेवून.
मला नाटकात घेतलेलं नाही.
दादा म्हणाला, दोन मुलं दाखवली की गोष्ट पसरते.

पहिल्या अंकात ती पंचेचाळीस वर्षांची,
दोन पातळं आणि एक पेटी घेऊन
पहाटे उंबरा ओलांडते. पेटीवर निळा प्रकाश.
खरं तर पेटी नव्हतीच.
तिने मिक्सर नेला होता,
आणि आम्ही सहा महिने वाटप रगड्यावर काढलं.

दुसऱ्या अंकात एक तारवटी येतो.
तोही दादाने घातलाय.
कोणी नव्हता.
बेतूलला नदीच्या अंगाला एक खोली होती, भाडं दीडशे,
आणि दुपारी तीन वाजता तिथे कुणी चहा मागत नव्हतं.
एवढ्यावर अंक उभा राहत नाही, हे मलाही कळतं.
तारवट्याला टाळ्या पडल्या.
काकांनी मान वळवून आईकडे पाहिलं.
ती एका मुलाला पोहायला कसं शिकावं ते सांगत होती,
हाताने, खुर्चीतल्या खुर्चीत.

तिसरा अंक. ती परत येते, तुळशीपाशी कोसळते.
वाक्य असं:
‘मी चुकले रे. या घराची पायरी मला परत दे.’

आमच्याकडे भांडण कोंकणीत, जेवण कोंकणीत,
मराठी पोथीला, पत्रांना आणि रंगमंचाला.
आई मराठीत कधी रडली नाही.
म्हणून असेल, महिनाभर तालमीत
हे वाक्य कुणाला टोचलं नाही.

वहिनी थांबली.
मी वाक्य दिलं.
पुन्हा दिलं, जरा वर.
विसरलेल्या माणसाचे डोळे भिरभिरतात.
तिचे माझ्यावर होते, स्थिर.
मग मी टॉर्च विझवला.

जनरेटरची घरघर.
त्यात खाजं मोडल्याचा आवाज, सगळ्या मंडपाला ऐकू गेलेला.
आणि आई, फार मोठ्याने नाही:
‘म्हाका कोणें विचारलें?’

मागचे बाप्ये हसले. मग तेही गप्प.
दादा मिठीसाठी हात पसरून स्पॉटमध्ये उभा,
एक मिशी सुटलेली.
सोळाव्या वर्षी दारात उभा होता
तो असाच, हात खाली घ्यायचं विसरून.
खूप वेळाने तो म्हणाला, वहीत नसलेलं,
वहिनीला की तिसऱ्या रांगेला, कळलं नाही:
‘तुका च्या करूं?’

पडदेवाल्या पुंडलीकाला हा शेवटच वाटला.
त्याने दोर सोडला.

उजाडताना खुर्च्या मोजल्या, दोन कमी.
आई विंगेत आली, वहिनीच्या केसांतली पावडर झटकली,
माझ्याकडून वही मागितली.
चष्मा आणला नव्हता.
नुसती तळहातावर तोलून परत दिली.

दादा स्टोव्हला पंप मारत होता, तिच्याकडे न बघता.
उभ्याउभ्याच अर्धा कप प्यायली ती.
साखर जास्त, म्हणाली.
मग त्याला म्हणाली, मिक्सर अजून चालतो.

आणि गाडीला किक मारली.
तिसऱ्या किकेला लागली.