शिसपेन्सिल

पहिले आठ मीटर जांभा.
मग काळा पाषाण, पुन्हा काळा पाषाण,
मध्येच वीतभर लाल माती.
एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत
कुणीही नसताना इथे बरीच वर्षं ऊन पडलं असावं.
मी नोंदवहीत लिहिते : लाल थर, बावीस सेंटिमीटर.
उन्हासाठी रकाना नाही.

पाटणच्या पुढे, मोरणेच्या अंगाला, सड्यावर आमचं मशीन.
त्यावर दस्तगीर मुलाणी, तासगावचा.
बोअर मारून मारून त्याचा एक कान गेलाय,
दुसरा गरजेपेक्षा जास्त हुशार झालाय.
रात्री पावणेतीनला त्याने माझ्या खोलीचा पत्रा वाजवला :
"म्याडम, दगूड बदलला.
इतका येळ गुरगुरत हुता, आता दात खातोय."

अकराशे बारा मीटर.
वर येणारं करडं पाणी पेजेसारखं झालेलं.
नळीतून गाभा सरकला :
गुलाबी, पांढरा, अभ्रकाचे काळे ठिपके.
कराडात जन्मून हा दगड मी
बँकेच्या काउंटरला आणि मावशीच्या ओट्याला पाहिलेला,
राजस्थानातून, नाहीतर कर्नाटकातून आलेला.
तो आमच्याही पायाखाली होता.
काळ्याने त्याच्यावर पांघरूण घातलं
तेव्हाच त्याचं वय दोनशे कोटींच्या पुढे गेलेलं.

पेटी क्रमांक तीनशे ब्याऐंशी.
गारेची एक शीर, करंगळीएवढी, तिरपी,
आणि तिच्या काठाला काही करडं, निळसर, मऊ.
नखानं ओरखडलं. बोटाला लागलं ते निघेना,
शाळेत लिहिताना तळव्याच्या कडेला लागायचं, तसं.

आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो.
शिसं तिच्यात कधीच नव्हतं.
ग्रीकही असेच फसले :
मऊ, करडं, बोट काळं करणारं ते सगळं शिसंच,
आणि ती चूक या धातूला नाव म्हणून चिकटली,
मॉलिब्डेनम.
इतक्या लांबच्या दोन भाषांनी एकच चूक करावी,
मला त्या रात्री उगीच धीर आला.

पण ग्रॅफाइट असलं तर?
चहाची बशी पुसली, तिच्या पांढऱ्यावर रेघ ओढली.
विजेरीच्या उजेडाचा भरवसा नाही, म्हणून सकाळपर्यंत थांबले.
हिरवट. शेवाळ वाळल्यावर उरतं तेवढंच हिरवट.

"सोनं हाय?"
"नाही. पोलादात घालतात. तापलं तरी पोलाद नमत नाही."
दस्तगीरचा चुलतभाऊ कुपवाडच्या फौंड्रीत.
तो बराच वेळ रॉडांकडे बघत राहिला.
"मंग ह्यात बी असंल की.
आन् आट्यांना लावतो त्या काळ्या ग्रीसात तर हायेच,
डब्यावर लिवलंय."

माझ्या पोटात गोळा आला.
एक किलोमीटर खोल जाऊन मी
आमचंच ग्रीस शोधून काढलं होतं की काय?

गाभा फोडायचा नसतो. मी फोडला.
शीर मधोमध उकलली,
आणि आत, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता,
सहा कोनांच्या चकत्या, एकीवर एक,
राळ्याच्या दाण्याहून लहान.
"न्हाई, ह्ये आमचं न्हवं," दस्तगीर म्हणाला
आणि भोकाकडे तोंड करून विडी पेटवली.

अर्धा गाभा प्रयोगशाळेत गेला, अर्धा पेटीत राहिला.
उत्तर सात आठवड्यांनी :
दहा लाखांत चाळीस भाग. पुढील कामाची शिफारस नाही.
भोकात सिमेंट ओतलं, वर क्रमांकाचा पत्रा ठोकला.
नव्या बांगड्या घालून घ्याव्यात तसा
पत्र्याचा आवाज थोडा वेळ सड्यावर किणकिणला.
बशीवरची रेघ निघाली नाही. मी फारशी घासलीही नाही.

परवा दस्तगीरचा फोन, जतहून. पाण्याचं बोअर.
"शंभर फूट काळाच लागतोय. खाली तुमचा गुलाबी असंल का वो?"
"असणार. सगळ्यांच्या खाली आहे."
त्याने फोन त्या गेलेल्या कानाला धरला असावा.
"काय?" म्हणाला. "काय म्हनला?"