छप्पन्न मात्रांनंतर

पत्रकात लिहिलंय : संस्कृतींचा संगम.
मी घडी घालून ते पर्समध्ये टाकते.
डंडीतल्या या गिरणीत पूर्वी ताग पिंजायचे,
आता दोनशे खुर्च्या, काळा पडदा,
आणि खोकल्याची गोळी चघळत शेजारच्या बाई
मला विचारतात, तुमच्याकडचंच ना हे?

माझ्याकडचं म्हणाल
तर कर्स्टीच्या उजव्या पावलातलं
बाहेरच्या कडेचं पाचवं हाड.
फेब्रुवारीत त्याला केसाएवढी चीर होती.
सहा आठवडे ते पाऊल माझ्या हातांत होतं,
टाच, घोटा, करंगळीवरचं जुनं कुरूप,
आणि तिचा एकच प्रश्न : उडी कधी?

सुव्रतचं डावं मनगटही माझ्याकडचंच,
दर बुधवारी, साडेचारला.
मशीन फिरत असताना वेळ जावा म्हणून
तो उजव्या हाताने टेबलावर वाजवायचा
क धि ट धि ट धा ऽ
ग ति ट ति ट ता ऽ
चौदा, म्हणाला. धमार.
आणि या मुली मोजतात आठात.
म्हणजे आमची गाठ छप्पन्न मात्रांनी एकदा.
आणि तोवर?
तोवर एकमेकांना नीट चुकवायचं.

दुपारी घोटा बांधायला आत गेले होते.
कोपऱ्यात राळेची पेटी.
कर्स्टी तिच्यात बुटांची टोकं घासत होती,
करकर, दाताखाली खडा यावा तशी.
शेटलंडच्या मॅग्नसने त्यातलाच एक तुकडा उचलून
फिडलच्या गजाला लावून पाहिला,
तोंड वाकडं केलं, परत टाकला.
सुव्रत कणीक मळत बसलेला,
पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापायला,
इथलं पीठ धरतच नाही म्हणून कुरकुरत.
थांडेका, डर्बनची, जिने हे सगळं बसवलं,
पेल्यातून थेंब थेंब पाणी घालत होती
आणि तो म्हणत होता, अजून. बस. बस म्हटलं ना!
पत्रकात यातलं काही नाही.

दिवे मंदावतात.
कर्स्टी वर जाते, चवड्यांवरही नाही,
बोटांच्या टोकांवर,
जमिनीशी जेमतेम ओळख ठेवून.
फिडल तिला आणखी वर ओढतं.
पखवाज खालून बोलावतो.
ती कुणाचंच ऐकत नाही, मोजते फक्त,
ओठ हलतात, मला दिसतात.
मीही मोजते. बोटांची पेरं पुरत नाहीत,
मग गुडघा, मग खुर्चीचा हात.

मध्येच ती खाली बसते
आणि उजव्या पायाची फीत सोडते.
एक बूट तिथेच राहतो, उलटा.
एक पाय रेशमात, एक उघडा,
आणि ती लंगडत नाही, हे कसं जमवते कोण जाणे.
एकोणपन्नास. पन्नास.
डाव्यावर उतर, सांगितलं होतं मी तिला.
चौपन्न.
दोनदा सांगितलं होतं.
छप्पन्न, आणि

अख्खा उजवा तळवा
फळ्यांवर.

आवाज माझ्या खुर्चीच्या पायांतून वर आला.
शेजारच्या बाईंची गोळी गालात थांबली.
मी टाळ्या वाजवायला विसरले;
माझे दोन्ही हात
माझ्याच पावलाला धरून होते.

मागच्या दाराशी टे नदीवरचा वारा.
कर्स्टी पायरीवर उभी,
हातात गोठलेल्या मटारची पिशवी.
दुखलं?
छे, ती म्हणते,
डाव्या पायावर, बगळ्यासारखी.
सुव्रत नखाने पुडीवरची सुकली कणीक खरवडतो,
कठड्यापलीकडे भिरकावतो,
आणि कुठूनसे समुद्रपक्षी येऊन
तिच्यावर कचाकचा भांडतात.

शुक्रवारी साडेदहा, मी म्हणते.
दोन्ही बूट घेऊन ये.