कपभर पाणी

रात्री दोनची सुट्टी. किलीबेग्ज बंदर,
मॅकरेलच्या कारखान्याचं कॅन्टीन.
हातमोजे काढले तरी बोटं बर्फातच,
आणि डर्व्हलाचं सूप मायक्रोवेव्हमधून
गेलं तसंच बाहेर आलं.

दिवा लागतो. काचेची ताटली फिरते.
आतून घरघर, शेवटी घंटीसुद्धा.
कामाचा आव सगळा,
काम तेवढं नाही.

कॉनल एकोणीस वर्षांचा, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर.
"मागचे सहा स्क्रू. पाच मिनिटं द्या मला."
"खाली ठेव ते," ब्रोनाख म्हणाली,
आवाज न चढवता. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिने कपभर पाणी आत ठेवलं.
कुणी डीफ्रॉस्टवर सोडलं नाही ना, ते पाहिलं;
पूर्ण ताकद, दोन मिनिटं.
मग बोट बुडवलं.
नळाचं होतं, नळाचंच राहिलं.
दुसऱ्या सॉकेटला लावलं, कप पुन्हा आत.
तेच.

फोनच्या उजेडात दाराची कड पाहिली:
आकडी झिजून एका अंगाला कललेली,
तिच्या फटीत वाळलेला
एक खवला.
"मी दाबून धरतो दार, तू चालू कर—"
"नाही."
तिने प्लग काढला, वायर गुंडाळली.

"आता तर मेलंच ते," कॉनल म्हणाला, "आता उघडायला काय हरकत?"
"मेलेलं नाही. पोटात धरून ठेवतं.
आत एक डबी असते, वीज साठवणारी.
भिंतीपासून तोडलं तरी
ती लगेच विसरत नाही."

मग, कपाकडे बघत:
"आमचा मॅलकी बारा वर्षं हेच दुरुस्त करायचा.
त्यालाही माहीत होतं सगळं."

पुढचं कुणी विचारलं नाही.
शीतघराचा पंखा तेवढा चालू होता.

माशांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिने लिहिलं:
बिघडलंय. उघडू नका. सोमवारी माणूस येईल.
स्क्रू-ड्रायव्हर खिशात परत गेला होता,
कॉनलने पेन मागून घेतलं
आणि अक्षरांखाली एक मासा काढला, जरा रागातच.

किटलीतलं पाणी पातेल्यात, पातेल्यात सुपाचा डबा.
कडेला कोमट, मधोमध गार.
"चांगलं झालंय," डर्व्हला म्हणाली.
ते काही खरं नव्हतं.

भोंगा झाला. हातमोजे चढले.
टेबलावर तो कप तसाच उभा;
कॉनल दारापर्यंत जाऊन परतला
आणि उभ्याउभ्या
ते पाणी पिऊन गेला.