आज भेंडी आहे

परिपत्रक भोपाळहून आलं, सात पानी, हिंदीत.
खिडक्या उघड्या ठेवा, असं तिसऱ्या पानावर.
लिहिणाऱ्याने ग्वाल्हेरचा मे पाहिला नसावा,
कंपूच्या मागची ही गल्ली तर नाहीच,
जिथे दुपारी लू पडदा बाजूला सारून आत येते
आणि खोकल्याच्या गोळ्या पाकिटातच मऊ होतात.
तरी उघडल्या. अठराच्या अठरा.

लाल फडकं आजारी खोल्यांना, निळं बाकीच्यांना.
रामदुलारीला एकदाच सांगितलं. ती म्हणाली,
दीदी, चौके का कपड़ा अलग, चबूतरे का अलग,
ये तो हमारी सास भी जानती थी.

पत्त्यांचा जोड मी कुलपात ठेवला.
बदाम सात चालू होतं.
आपटेकाका वाद घालतील असं वाटलं होतं.
त्यांनी हातातली पानं फक्त उताणी मांडली,
बघा, सुटत होतो.

कवळ्यांच्या वाट्यांवर नावं, चिकटपट्टीवर, माझ्या अक्षरात.
दर चार तासांनी प्रत्येकाचं बोट चिमट्यात, आकडा वहीत.
सत्त्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव.
माझ्या तळव्यांची सालं निघत होती,
रात्री लोणच्याचं बोट झोंबायचं.

या सगळ्यात मंदाताईंचं
माझ्या लक्षातच आलं नाही.

मंदाताई शेजवलकर, सहा नंबर.
नवव्या वर्षी विषमज्वरात कान गेले,
तेव्हापासून ओठ वाचत आल्या.
मराठी वाचतात, हिंदी वाचतात,
नवऱ्याच्या तोंडात पान असलं तरी वाचत होत्या म्हणे.
आणि एका सकाळी आम्ही सगळ्यांनी ओठ झाकले.

बोलत होतो आम्ही. ओरडून, हातवारे करून.
त्या नुसत्या भुवयांकडे बघत बसायच्या.
पाटी दिली, ती परत आली,
वर लिहिलेलं: माझी शाळा झाली.
अकरा दिवस त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

बाराव्या दिवशी मी त्यांची खिडकी बंद केली,
आठ मिनिटांसाठी, परिपत्रकाविरुद्ध,
आणि मागच्या अंगणात गेले.
फरशी चपलेतून भाजत होती.
काचेसमोर उभी राहिले, मास्क उतरवला.
आणि सुचेचना काही.
म्हटलं, आज भेंडी आहे.

त्यांनी एक बोट वर केलं. पुन्हा.
आज भेंडी आहे. लसूण घातलाय.
रामदुलारीने जरा करपवली.
त्या हसल्या, कवळी वाटीतच होती.

मग रोजच, सव्वाअकराला.
भाजी, कुणाच्या नातवाचा फोन,
नळाखाली व्यालेली मांजर.

गोदूताई तांब्यांना बुधवारी पहाटे नेलं, चार नंबरच्या.
शनिवारी दवाखान्यातून फोन आला.
सव्वाअकराला मंदाताईंनी काचेवर चार बोटं टेकवली.

खोटं बोलताना माझा आवाज चढतो,
लहानपणी आईने त्यावरूनच पकडलं दर वेळी.
इथे आवाज लागत नव्हता. सोपं होतं.
बरी आहे, म्हटलं. जेवते.

त्यांनी ओठ पाहिलेच नाहीत.
हात बघत होत्या माझे.
मी कोरडे, स्वच्छ हात
एकमेकांवर घासत होते,
तळवे, बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं,
पाचव्या पानावर दिलेल्या क्रमाने.

चार बोटं एकेक करून काचेवरून निघाली.
बऱ्याच वेळाने त्या काहीतरी म्हणाल्या.
कूलरच्या घरघरीत ऐकू आलं नाही,
पण एव्हाना थोडं वाचायला मीही शिकले होते.

उद्या भाजी कुठली?

दोडका, म्हटलं.

आठ मिनिटांची वीस झाली होती.
मास्क चढवला,
आत जाऊन खिडकी उघडली.